फुंकर आणि फीत

चर्चमध्ये किंवा मंडपात एखादा कार्यक्रम सुरू व्हायचा असला, की कोणीतरी पुढे येतो, माईकवर दोन टिचक्या मारतो आणि मग त्यात जोराने फुंकर घालतो. कर्ण्यातून ‘फू, फू’ असा ध्वनी घुमला, की आवाज लागला अशी सर्वांची खात्री पटते. ही रीत कोणी सुरू केली ते मला ठाऊक नाही. परंतु धर्मगुरू झाल्यापासून मीही ती इमानाने पाळत आलो होतो. वेदीवरचा माईक दणकट असतो. त्याने कधी तक्रार केली नाही. म्हणूनच २०१९ सालच्या फेब्रुवारी महिन्यात माझ्या खोलीतल्या टेबलावर एक नवा माईक उभा करून मी त्यात नेहमीसारखी फुंकर घातली, तेव्हा आपल्या हातून काही वावगे घडत आहे याची पुसटशीही शंका मला आली नाही. त्या एका फुंकरीची किंमत मला दोन महिने मोजावी लागली. मात्र त्या दोन महिन्यांत मी जे शिकलो, ते सेमिनरीच्या इतक्या वर्षांत शिकलो नव्हतो, असेही आज म्हणावेसे वाटते.

हकीकत आरंभापासूनच सांगतो.

मी त्या वेळी वसईतल्या एका धर्मग्रामात होतो. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी व वृद्ध मंडळींना घरी जाऊन कम्युनियन देण्याचा परिपाठ होता. त्या फेरीतले एक घर केळीच्या वाडीत, विहिरीच्या बाजूला होते. तेथे चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी असत. गुडघे गेले होते, नजर मंदावली होती. पण स्मरण तल्लख होते. प्रार्थना संपली की त्या मला चहाशिवाय सोडत नसत. एकदा जवळच्या आळीत लग्न होते. मंडपातल्या डीजेच्या आवाजाने खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आजी कानावर हात ठेवून म्हणाल्या, “फादर, आमच्या वेळी लग्न बायकांच्या गळ्यात असायचं. आता ते पेटीत आलंय.” आणि मग, मी न विचारताच, त्यांनी एक गाणे म्हणायला सुरुवात केली. नवरीसाठी विहिरीवरून पाणी आणायला निघालेल्या बायकांचे ते गाणे होते. दोन ओळी झाल्या आणि त्या थांबल्या.

“पुढे?” मी विचारले.

“पुढचं तिचं,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीकडे पाठ फिरवली.

(आजींची बोली निराळी, सर्व वाचकांना कळावे म्हणून मी ती येथे प्रमाण मराठीत देत आहे. त्यामुळे तिची निम्मी चव जाते, याची मला जाणीव आहे.)

त्या ‘तिचं’ या शब्दाचा उलगडा मला हळूहळू झाला. आमच्याकडची लग्नातली कित्येक गाणी दोन बाजूंनी म्हणायची असतात. एका बाजूच्या बायका विचारतात, दुसऱ्या बाजूच्या उत्तर देतात. कधी चिडवतात, कधी समजूत घालतात. आजी त्या घरातली थोरली सून. त्या विचारणाऱ्या. उत्तर देणारी होती त्यांची धाकटी जाऊ. एकाच अंगणाच्या पलीकडच्या घरात ती राहत होती. आळीतल्या कोणत्याही लग्नात या दोघी जावा मंडपाच्या दोन टोकांना बसत आणि रात्र जागवत. पुढे वाडीच्या बांधावरून वाद झाला. दिरांमधला तो वाद जावांपर्यंत आला. दोघे भाऊ यथावकाश देवाघरी गेले, बांध जिथे होता तिथेच राहिला, आणि दोन्ही जावांमधले बोलणे मात्र वीस वर्षे बंद राहिले. दोघी एकाच मिस्साला येत. एक डाव्या बाजूच्या बाकावर बसे, दुसरी उजव्या. एकमेकींना शांती देण्याची वेळ आली, की दोघी आपापल्या शेजारणीकडे वळत.

एक कबुली येथेच देऊन टाकतो. त्या धर्मग्रामात गेल्यावर पहिल्याच वर्षी मी क्षमेवर एक प्रवचन दिले होते. कोणाचे नाव घेतले नव्हते. पण बोट कोणाकडे आहे हे साऱ्यांना कळले होते. प्रवचन प्रभावी झाले असे मला वाटले. पुढच्या रविवारी धाकट्या आजी दुसऱ्या चर्चमध्ये मिस्साला गेल्या आणि तीन महिने तिकडेच जात राहिल्या.

तेव्हा समेट घडवून आणण्याची उमेद माझ्यात उरली नव्हती. निदान गाणी तरी वाचवावी, एवढाच माझा हेतू होता. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ सालापासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ ही संस्था त्या लोकांसमोर आणत आहे, हे माझ्या वाचनात आले होते. लाखभर ओव्यांपुढे एका आळीतली गाणी ती किती? पण ज्याच्या ओंजळीत जेवढे येते तेवढे त्याने धरावे, अशा विचाराने मी कामाला लागलो.

आमच्या गायकवृंदात एक तरुण होता. नोकरी सांभाळून त्याने आपल्या घरातली एक खोली ध्वनिमुद्रणासाठी सजवली होती. त्याचा कंडेन्सर माईक घेऊन आम्ही २०१८ च्या पावसाळ्यानंतर आजींकडे गेलो. त्यांनी एका दुपारी चौदा गाणी आठवून म्हटली. पाच पूर्ण होती, नऊ अर्धी. आठवडाभराने मी ते मुद्रण त्यांना ऐकवले. त्यांनी डोळे मिटून एक गाणे ऐकले आणि म्हणाल्या, “ही कोण बाई?”

“तुम्हीच, आजी.”

“नाही हो. हिचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतो. मी अशी गात नाही.”

मला प्रथम हसू आले. आपला मुद्रित आवाज कोणालाच पटत नाही. कारण एरवी आपण तो कानांनी ऐकतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो. पण घरी जाऊन मी पुन्हा लक्षपूर्वक ऐकले, तेव्हा आजींचे म्हणणे खोटे नाही असे दिसून आले. कंडेन्सर माईक हे उत्तम साधन आहे. तो फार तीक्ष्ण कानांचा असतो. त्याने आजींच्या कवळीची टकटक टिपली होती, प्रत्येक ‘स’ आणि ‘च’ सुरीसारखा धारदार केला होता, दूरचा पाण्याचा पंप, कावळे, पंखा यांतले काहीही सोडले नव्हते. म्हाताऱ्या गळ्यातला जो खरखरीत पण उबदार गाभा असतो, तो मात्र या साऱ्याखाली दबून गेला होता. त्याने खोटे काही सांगितले नव्हते. पण सगळेच सांगितले होते, आणि सगळे सांगणे म्हणजे खरे सांगणे नव्हे.

त्या तरुणानेच मला रिबन माईकची वाट दाखवली. “फादर, म्हाताऱ्या आवाजाला तो माया लावतो,” असे तो म्हणाला. मी कुतूहलाने त्याची माहिती मिळवू लागलो आणि त्यात गुंतून गेलो.

या माईकची रचना थक्क करणारी साधी आहे. एका बळकट लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमधल्या फटीत ॲल्युमिनियमची एक चिंचोळी फीत सैलसर ताणून बसवलेली असते. तिला आडव्या बारीक चुण्या असतात. तिची जाडी साधारण दोन ते तीन मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढी. आवाजाच्या लहरींनी हवा हलली की तिच्याबरोबर ही फीत हलते आणि चुंबकाच्या क्षेत्रात हलल्यामुळे तिच्यात अतिशय क्षीण वीज उत्पन्न होते. माईकच्या पोटातला लहानसा ट्रान्सफॉर्मर ती थोडी वाढवून तारेत सोडतो. बस, इतकेच. इतर पुष्कळ माईकमध्ये आवाज झेलणारा पडदा एक असतो आणि त्या हालचालीची वीज करणारी सामग्री दुसरी. येथे दोन्ही कामे ती एकटी फीतच करते. फार वरच्या पट्टीतला ध्वनी टिपताना ती किंचित मवाळ होते. याच मवाळपणामुळे खरखर आणि धार बोथट होऊन गळ्यातला गाभा पुढे येतो.

ही कल्पना आजची नव्हे. वॉल्टर शॉट्की आणि एर्विन गेरलाख या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२४ च्या सुमारास तिचा पाया घातला. अमेरिकेत आरसीए कंपनीतल्या हॅरी ओल्सन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी ती नभोवाणीच्या कामी आणली. जुन्या इंग्रजी चित्रपटांत गायकासमोर मोठ्या औषधी गोळीच्या आकाराचा माईक दिसतो, तो याच जातीचा. बीबीसीने १९३४ साली मार्कोनी कंपनीच्या साहाय्याने आपला स्वतंत्र रिबन माईक बनवला. पुढे कंडेन्सर माईकची चलती झाली आणि हे नाजूक प्रकरण मागे पडले. जे काही चांगले रिबन माईक मिळत, त्यांची किंमत हजार डॉलरच्या पुढे असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र त्यांच्याकडे पुन्हा लोकांचे लक्ष वळले, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत चीनमध्ये तयार झालेले स्वस्त रिबन माईक बाजारात आले. शंभर डॉलरच्या आसपाससुद्धा एखादा मिळू लागला. घरच्या घरी मुद्रण करणाऱ्यांना हे दालन तेव्हा उघडले. एका परदेशस्थ धर्मग्रामस्थाने मला भेट म्हणून जो आणून दिला, तो अशाच स्वस्त जातीचा होता.

आणि त्यात मी फुंकर घातली.

दोन मायक्रॉनच्या त्या फितीला माझी फुंकर म्हणजे वादळच होते. ती ताणली जाऊन सैल पडली आणि चुंबकाच्या कडेला घासू लागली. त्यानंतर माईकमधून येणारा आवाज गोधडीखालून कोणी बोलावे तसा येऊ लागला. तोंडाजवळ धरून जोराने ‘प’ किंवा ‘फ’ उच्चारला तरी जिला धक्का बसतो, ती फुंकर कशी सोसणार? पेटीतून निघालेल्या कागदावर ही सूचना ठळक छापलेली होती. मी ती वाचली नव्हती. इतरांनी वाचावे म्हणून आयुष्यभर सूचना वाचून दाखवणाऱ्या माणसाची ही गत!

मुंबईत ध्वनियंत्रणेचे काम करून निवृत्त झालेल्या एका वृद्ध तंत्रज्ञांचा पत्ता लागला. मी माईक घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिले आणि मला विचारले, “आपण काय करता?” मी सांगितले. ते मंद हसले. “तरीच. सवय असते.” नवी फीत कापणे, दातेरी चाकांमधून फिरवून तिला चुण्या पाडणे, श्वास रोखून ती फटीत बसवणे हे काम त्यांनी सवडीने, महिनाभर लावून केले. पैसे घेतले ते केवळ नाममात्र. निघताना त्यांनी काही गोष्टी मला सांगितल्या, त्या मी डायरीत लिहून ठेवल्या. माईक नेहमी उभा ठेवायचा. आडवा राहिला तर फीत स्वतःच्याच भाराने झोळ धरते. वापर नसेल तेव्हा कापडी पिशवी घालायची; चुंबक लोखंडाचा बारीक कीस ओढून घेतो. झाकण काढताना झटका द्यायचा नाही; हवेचा धक्का बसतो. आणि आवाज तपासायचाच असेल तर समोर उभे राहून साधे बोलायचे.

“काय बोलू?” मी विचारले.

“जे बोलायचे असेल ते,” ते म्हणाले.

माईक हाती आला तेव्हा मार्चचा तिसरा आठवडा उजाडला होता. मी त्याच संध्याकाळी आजींकडे गेलो आणि उत्साहाने म्हणालो, “उद्याच बसू या.” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मला पूर्वीच्या धर्मशिक्षण वर्गात बसल्यासारखे वाटले. “फादर, उपवासकाळ चालू आहे. या दिवसांत लग्नाची गाणी तोंडातून काढू?” धर्मगुरूला उपवासकाळाची आठवण एका आजीने करून द्यावी, याहून अधिक ओशाळवाणे काय असणार! ईस्टर त्या वर्षी २१ एप्रिलला होता. महिनाभर थांबणे आले.

तो महिना मी वाया घालवला नाही. पॅरिश हाऊसच्या मागच्या खोलीत माईक उभा करून शिकत राहिलो. पहिली अडचण आवाजाच्या क्षीणपणाची होती. माझ्या या माईकमधून येणारी वीज कंडेन्सरच्या मानाने दहाव्या हिश्श्याहूनही कमी होती. ती ऐकू येण्याजोगी करायला ध्वनिवर्धकाचे बटण शेवटापर्यंत फिरवावे लागे, आणि मग ध्वनिवर्धकाचीच ‘हिस्स’ पावसासारखी ऐकू येई. गायकवृंदातल्या त्या तरुणाने माईक आणि यंत्र यांच्यामध्ये तारेवरच बसणारा बोटभर लांबीचा एक वर्धक आणून दिला. यंत्राकडून कंडेन्सर माईकसाठी जो ४८ व्होल्टचा पुरवठा केला जातो, त्यावर हा वर्धक चालतो. आवाज वीस-पंचवीस डेसिबलने वाढवतो आणि तो ४८ व्होल्टचा दाब माईककडे जाऊ देत नाही. हा दुसरा गुणही मोलाचा आहे. कारण तारेत दोष असला तर त्या दाबाचा फटका फितीला बसू शकतो. या कामी तार चांगली घ्यावी, तिथे काटकसर करू नये.

दुसरा धडा अंतराचा. या माईकच्या फार जवळ गेले की आवाजातला खर्ज वाजवीपेक्षा फुगतो. बोलणारा पिंपात तोंड घालून बोलतो आहे असे वाटते. हात-दीड हात दूर बसले की आवाज आपल्या मूळ आकाराला येतो. मात्र जितके दूर बसावे तितकी खोली त्यात मिसळते. म्हणून मी भिंतींवर गोधड्या टांगल्या.

तिसरी गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. फीत दोन्ही बाजूंनी उघडी असते. त्यामुळे हा माईक समोरचे जितके ऐकतो, तितकेच पाठीमागचेही ऐकतो. बगलेकडून येणारा आवाज मात्र फितीच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी, सारखाच दाबतो. दोन्ही दाब एकमेकांना छेद देतात आणि फीत जागची हलत नाही. म्हणजे दोन बाजूंना कान आणि दोन बाजूंना बहिरेपण. कागदावर आकृती काढली तर इंग्रजी आठचा आकडा होतो. पूर्वीच्या नभोवाणी नाटकांत नट याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहून संवाद म्हणत. एखाद्याला ‘दूर जायचे’ असेल तर तो हळूच बगलेला सरके आणि ऐकणाऱ्याला वाटे, माणूस चालत गेला. मी माईकची बगल खिडकीकडे केली. खिडकीपलीकडे पाण्याचा पंप चालू होता. तो जवळजवळ नाहीसा झाला. मी एकटाच खोलीत मोठ्याने हसलो.

आणि त्या रात्री माझ्या मनात आले, की समोर एक आणि पाठीमागे एक असे ज्याला ऐकता येते, ते हे साधन दोन बाजूंच्या गाण्यांसाठीच आहे. नऊ गाणी अर्धी होती.

दुसऱ्या दिवशी मी अंगण ओलांडून धाकट्या आजींकडे गेलो. या वेळी क्षमेचा, शांतीचा, शुभवर्तमानाचा एकही शब्द काढायचा नाही असा मी निश्चय केला होता. मी इतकेच म्हणालो, “नऊ गाणी अडली आहेत. प्रश्न आहेत, उत्तरे नाहीत. ती तुमच्याशिवाय कोणाला येत नाहीत.”

त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “तिने बोलावलंय का?”

खोटे बोलण्याचा मोह झाला. “नाही. मी बोलावतो आहे.”

“मग ठीक,” त्या म्हणाल्या. “तुमच्या यंत्रासाठी येईन. तिच्यासाठी नाही.”

थोरल्या आजींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “तिला यायचं तर येऊ दे. मी काही बोलणार नाही. गाईन.”

मे महिन्यातल्या एका दुपारी, आळी निजलेली असताना, पॅरिश हाऊसच्या मागच्या खोलीत आम्ही जमलो. मधोमध माईक. त्याच्या एका बाजूला एक खुर्ची, दुसऱ्या बाजूला दुसरी, दोन्ही दीड हातावर. मी आणि तो तरुण बगलेला, बहिऱ्या बाजूला. पंखा बंद करावा लागला. उकाडा असह्य होता. दोघी लुगडी नेसून, केसांत फुले माळून आल्या होत्या. हे मी सांगितले नव्हते. दोघींनी एकमेकींकडे न पाहण्याचा प्रयत्न केला. पण माईक असा मध्ये होता, की त्याच्याकडे पाहायचे म्हणजे समोरच्या चेहऱ्याकडे पाहणे आलेच. बाजूला वळले की आवाज नाहीसा होतो, हे मी आधीच सांगून ठेवले होते. ती तांत्रिक गरज होती; माझ्या मनात दुसरे काही नव्हते असे मी म्हणणार नाही.

थोरल्या आजींनी पाण्याचे गाणे सुरू केले. दोन ओळी झाल्या. त्या थांबल्या. खोलीत क्षणभर काहीच ऐकू आले नाही, आणि मला वाटले, संपले. तेवढ्यात समोरून उत्तर आले. अर्ध्या सुराने खाली, थोडे कापत, पण आले. तिसऱ्या कडव्याला दोघींचा सूर जुळला. पाचव्याला धाकट्या आजींनी चिडवणारी ओळ अशा ठसक्यात म्हटली, की थोरल्या आजींना हसू आवरेना आणि गाणे मोडले. मुद्रणात ते हसू आहे. मी ते कापू दिले नाही.

त्या दुपारी आठ गाणी पूर्ण झाली. नववे झाले नाही. नवरीला निरोप देण्याचे ते गाणे. थोरल्या आजींनी त्याचा आरंभ म्हटला, धाकट्या आजी ओठ हलवत राहिल्या, डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला. शेवटी मान हलवून म्हणाल्या, “गेलं. वीस वर्षं म्हटलं नाही, गेलं.” त्यावर कोणी काही बोलले नाही. ते गाणे येणारे दुसरे कोणी मला पुढे कधी भेटले नाही. वादाची खरी किंमत काय असते, हे मला त्या दिवशी कळले. बांध तसाच राहतो. जाते ते भलतेच काहीतरी.

उठताना थोरल्या आजींना गुडघ्यामुळे उठवेना. धाकट्या आजींनी हात पुढे केला नाही, पण कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलून त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाल्या, “घ्या जाऊबाई, घसा सुकला असेल.” वीस वर्षांतले ते पहिले वाक्य. तरुणाने मुद्रण अद्याप बंद केले नव्हते. मी ते त्या दिवशीच पुसायला सांगितले. ते आमचे नव्हते.

वाचकांना वाटेल, मग सारे सुरळीत झाले. तसे झाले नाही. बाकांच्या बाजू तशाच राहिल्या. बांधाचा विषय कोणी काढला नाही. पण अंगणातून ताट जाऊ-येऊ लागले, आणि २०२० साली टाळेबंदी आली तेव्हा दोन घरांमधले दार उघडे राहिले असे मला फोनवर कळले. तेवढ्यावर मी देवाचे आभार मानतो.

मुद्रण ऐकवले तेव्हा थोरल्या आजी काय म्हणतात याची मला धास्ती होती. त्यांनी पहिले गाणे पूर्ण ऐकले. मग म्हणाल्या, “हां. ही मी.” थोडे थांबून पुढे म्हणाल्या, “आणि ती ती.” कोणत्याही यंत्राची याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही.

सेमिनरीत आम्हाला एलीया संदेष्ट्याची कथा शिकवली होती. परमेश्वर वादळात नव्हता, भूकंपात नव्हता, अग्नीत नव्हता; तो हळुवार कुजबुजीत होता. या प्रसंगावर मी अनेकदा प्रवचन केले आहे, बहुधा मोठ्या आवाजात. वाऱ्याने मोडणारी आणि कुजबुजीने हलणारी ती दोन मायक्रॉनची फीत पाहिल्यावर ती कथा मला नव्याने वाचावीशी वाटली. मी माझ्या जावांवरच्या त्या प्रवचनात फुंकरच घातली होती. नंतर मी फक्त दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि स्वतः बगलेला, जेथून काही ऐकू जात नाही अशा जागी, बसलो.

माझी आता दुसऱ्या धर्मग्रामात बदली झाली आहे. माईक मी बरोबर आणला आहे. तो कपाटात उभा, पिशवी घातलेला असतो. वाचकहो, एक विनंती करून थांबतो. आपल्या घरात, आळीत, लग्नाची गाणी, ओव्या, जुनी भक्तिगीते म्हणणारी जी वृद्ध मंडळी आहेत, त्यांचा आवाज या वर्षीच धरून ठेवा. फार खर्च लागत नाही. रिबन माईक नसेल तर हातातला फोनही चालेल. खोलीत गोधड्या टांगा, पंखा बंद करा, घाई करू नका. गाणे दोन बाजूंचे असेल तर दुसऱ्या बाजूलाही बोलवा, मग तिच्याशी बोलणे असो वा नसो. आणि माईक कोणताही असो, त्यात फुंकर घालू नका. समोर बसा आणि जे बोलायचे असेल ते बोला.